सॉरी म्हणतो आणि पुन्हा मारतो. साडेचार वर्षांच्या मुलाला माफी मागायला लावावी का?

कोथरूडची_आई

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी पावणेदोन वर्षांची. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगा एरवी लाघवी आहे, बहिणीवर जीवही आहे त्याचा. पण तिने खेळात हात घातला की तो तिला ढकलतो, केस ओढतो, मध्यंतरी दंडाला चावलासुद्धा.

परवाचं सांगते. पावसामुळे बाहेर जाता येत नव्हतं. दुपारभर खपून त्याने ठोकळ्यांचा नळ स्टॉपचा पूल केला होता. खाली रस्ता, मधे गाड्यांचा पूल, त्याच्या वरून मेट्रो. मेट्रो म्हणून माझ्या चष्म्याचं घर. धाकटी दुडूदुडू आली आणि तिने खालचा खांब ओढला. पुढच्या क्षणी तिचे केस याच्या मुठीत. सासूबाई धावल्या, त्याला ओढून बाजूला केलं, "कान धर, आधी सॉरी म्हण" म्हणाल्या. तो भिंतीकडे बघत "सॉरी सॉरी सॉरी" म्हणाला आणि थोड्या वेळाने जाता जाता तिला कोपर मारून गेला. मी विचारलं तर म्हणतो, "पण मी सॉरी म्हटलं ना!"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. माफी मागायला लावणं बंद करावं का? बंद केलं तर मारलेलं चालतं असं त्याला वाटेल का? सासूबाई म्हणतात, आत्ता वळण नाही लावलं तर कधी लावणार. तेही खोटं नाही. कोणी अनुभवाने सांगाल का?

---

बालवाडीच्या_ताई

तुमच्या मुलाने अगदी बरोबर उत्तर दिलं. आपण मोठ्यांनी त्याला जे शिकवलं तेच त्याने सांगितलं: मारलं की एक शब्द म्हणायचा, मग प्रकरण मिटतं. तो शब्द त्याने चोख म्हटला. आता हिशोब चुकता झाला असं त्याला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही.

पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत मी बालवाडी चालवली. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, तीन ते सहा वर्षांची मुलं. चावणं, ओरबाडणं, ढकलणं रोजचंच. तिथे जे हाताखालून गेलं ते सांगते.

आधी जिला लागलंय तिच्याकडे जायचं. घरोघरी उलट होतं. सगळे मारणाऱ्यावर ओरडायला धावतात, लागलेलं मूल तसंच रडत राहतं आणि घरादाराचं लक्ष मारणाऱ्याला मिळतं. तिला उचला, कुठे लागलं ते बघा. त्याला तेव्हा एवढंच सांगा: "मारायचं नाही. मी मारू देणार नाही." हात धरावा लागला तर धरा, घट्ट, पण दुखेल असा नको. त्या वेळी समजावत बसू नका, काहीही कानात शिरत नसतं. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते, साडेचाराव्या वर्षी त्याच्याकडून कितीशी अपेक्षा ठेवणार? त्याला सूट द्या असं म्हणत नाही. समजूत कधी घालायची ते ठरवायला हे माहीत असावं.

मग त्याला निवळू द्या. कोणाला मांडी लागते, कोणाला अशा वेळी जवळ आलेलं माणूस नको असतं. आमच्याकडचा एक मुलगा संतापला की माठाजवळ जाऊन उभा राहायचा. मी पेला भरून द्यायची, तो घटाघटा प्यायचा, मग बोलण्याजोगा व्हायचा. तुमच्या मुलाचं काय आहे ते तुम्हालाच बघून कळेल.

निवळला की आधी त्याची बाजू त्याला ऐकू येऊ द्या. "एवढा छान पूल केला होतास, तिने पाडला, खूप राग आला तुला." इथे थांबा. लगेच "पण म्हणून केस ओढायचे का?" असं जोडलंत की मागचं सगळं पुसलं जातं. राग येण्यात काही चुकीचं नाही, केस ओढणं चूक आहे. ही दोन्ही त्याला कळायला हवीत, पण एका दमात नव्हे.

आणि आता माफीचं. एकदा डब्याच्या वेळी एका मुलीने शेजारच्या मुलाच्या डब्यातला गूळपोळीचा तुकडा उचलला. तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. दातांची गोल खूण उठली, लालभडक. मी तिला मांडीवर घेतलं, त्याला शेजारी बसवून ठेवलं. माफी माग असं म्हटलं नाही. त्याचा श्वास खाली बसल्यावर तिचं मनगट त्याच्यासमोर धरलं. "बघ, इथे दुखतंय तिला. काय करूया?" तो नुसता बघत राहिला, बराच वेळ. मग खाली वाकला आणि त्या खुणेवर फुंकर घातली. घरी त्याला कोणीतरी घालत असणार. मग आपणहून उठला, मोरीत जाऊन रुमाल ओला करून आणला. पिळायचं काही त्याला सुचलं नाही, पडवीभर पाण्याची धार. तिच्या मनगटावर रुमाल धरून त्याने तिला विचारलं, "गार लागतंय?" ती हुंदके देत हो म्हणाली.

सॉरी हा शब्द त्या दिवशी कोणीच उच्चारला नाही. पण आपल्या दातांनी काय झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि ते बरं करायला हात लावला. तिलाही ते पोचलं.

घरी असंच करून बघा. ढकललं तर हात देऊन उठवायचं, चित्र फाडलं तर चिकटपट्टी लावायला बसायचं, केस ओढले तर त्या जागी हळू हात फिरवायचा. (तिला चालत असेल तरच. तिने अंग चोरलं तर तिच्यासाठी पाणी आण म्हणावं.) "चल, आता पूस सगळं!" अशा चढ्या आवाजात हे करून घेतलंत तर मात्र कान धरायला लावण्यात आणि यात काही फरक उरणार नाही.

बक्षिसाचं आमिषही नको. आमचं शिक्षण बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या वाटेवरचं. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला गावच्या आणि आदिवासी मुलांमध्ये काम झालं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी आली. मारू नका हे त्यांचं म्हणणं आता बहुतेकांना मान्य आहे. लालूच दाखवू नका हेही ती माणसं तितक्याच ठामपणे सांगत होती, ते आपण विसरलो. "आज मारलं नाहीस तर चॉकलेट" यात मूल बहिणीचा विचार करत नाही, चॉकलेटचा करतं.

शेवटी पुलाबद्दल. त्याची तक्रार खरी आहे हो! पावणेदोन वर्षांच्या मुलीला "दादाचं पाडू नको" कळणार नाही. तिचा हात पोचणार नाही अशी जागा त्याला द्या, जेवणाचं टेबल द्या हवं तर. तिला वेगळे चार ठोकळे द्या, रचून पाडण्यासाठीच. आणि "तू मोठा ना, देऊन टाक" हे दर वेळी म्हणू नका. मोठेपणाचा दंड रोज भरावा लागला की धाकटं भावंड नकोसं होतं.

---

पेठेतले_काका

ताईंचा अनुभव मोठा आहे, तरी माझं मत थोडं वेगळं आहे.

आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलो. दिवेलागणीला सगळी मुलं ओळीत बसून शुभंकरोति म्हणायची. 'शत्रुबुद्धिविनाशाय' म्हणजे काय हे तेव्हा कोणाला कळत होतं? जिभेवर बसलेलं होतं म्हणून पुढे केव्हातरी अर्थ कळला. तसंच, चुकून कोणाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि नमस्कार करायचा. आज सत्तरी उलटली तरी पीएमपीच्या बसमधल्या गर्दीत कोणाला पाय लागला की माझा हात आपोआप जातो. माफीचंही तसंच असावं. आधी सवय, मागून अर्थ. मुलाला आतून वाटेल तेव्हा म्हणेल अशी वाट बघत बसलो तर कधीच न म्हणणारी माणसं तयार होतील, आणि तशी माणसं रस्त्यावर रोज भेटतात. त्या आजींचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

---

मानसशास्त्राची_विद्यार्थिनी

काका आणि ताई, दोघांच्या मुद्द्यांना धरून एक अभ्यास सांगते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ४ ते ९ वर्षांच्या मुलांना माफीचे प्रसंग दाखवून त्यांची मतं विचारली. त्याबद्दलचा लेख २०१८ साली आला. आपणहून मागितलेली माफी आणि मोठ्यांनी हळूच आठवण केल्यावर मागितलेली माफी, यांत मुलांना फारसा फरक वाटला नाही. पण दटावून वदवून घेतलेली माफी मुलांनी बरोबर ओळखली, विशेषतः ७ ते ९ वर्षांच्या. अशा माफीने दुखावलेल्याला फारसं बरं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे आठवण करायला हरकत नाही, ओठांतून ओढून काढू नये.

ताईंनी आमिषाबद्दल लिहिलं तेही तपासलं गेलं आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात कपडे वाळत घालताना माणसाच्या हातून चिमटा खाली पडायचा आणि दीड वर्षाची मुलं तो उचलून द्यायची, कोणी न सांगता. २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की अशा मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करतात. मदतीची ओढ मुलात आधीपासून असते, ताईंच्या बालवाडीतला तो ओला रुमाल त्यातलाच.

---

वारजेचा_बाबा

आमचं तर भांडणाची वेळ बदलल्यावर निम्मं काम झालं. पाळणाघरातून घरी आल्यापासून जेवणापर्यंतच्या वेळात आमच्याकडे हमखास मारामारी. आता गाडीवर बसवायच्या आधीच हातात केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू देतो, घरी आल्यावर दोघांना आधी अंघोळ. झोपही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात १० ते १३ तास झोप सांगितली आहे. आमची मुलं आमच्याबरोबर रात्री उशिरापर्यंत जागत होती, एवढी झोप त्यांना मिळतच नव्हती.

---

बालवाडीच्या_ताई

काका, पाय लागल्यावरच्या नमस्काराचं उदाहरण फार चांगलं दिलंत. तो तुम्हाला कोणी कान धरून शिकवला का? वाड्यातली सगळी मोठी माणसं तसं करत होती, तुम्ही बघत होतात, एखाद्या वेळी आईने "अरे, पाय लागला ना?" एवढंच म्हटलं असेल. शिवाय त्यात तुम्ही समोरच्या माणसाकडे वळता, त्याला हात लावता. या मुलाने भिंतीकडे बघून सॉरी म्हटलं. सवय लावायला माझी ना नाहीच. सवय लागते ती घरात रोज दिसलं तर. आजीचा धक्का आईला लागला आणि आजी म्हणाली "चुकलं गं, लागलं का?", बाबाला उशीर झाला आणि तो मुलापाशी बसून म्हणाला "तुला वाट बघायला लावली, चुकलं माझं", हे मुलं टिपत असतात. ज्या घरात मोठी माणसं एकमेकांची माफी मागत नाहीत, त्या घरात फक्त लहानांनी ती मागायची हे मला अन्यायाचं वाटतं.

विद्यार्थिनी, लेख समजावून सांगितल्याबद्दल आभार. हळूच आठवण करायला हरकत नाही, हे माझ्याही डोळ्यांसमोरचं आहे.

---

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलावरची जागा आजच दिली. वारजेच्या बाबांचं वाचून लक्षात आलं, परवा दुपारी तो झोपलाही नव्हता.

ताई, दोन गोष्टी विचारते. सासूबाईंना हे कसं सांगू? त्यांचं प्रेम आहे दोघांवर, त्यांना वाईट वाटायला नको. आणि "काय करूया?" विचारल्यावर तो सरळ "काही नाही" म्हणाला तर?

---

बालवाडीच्या_ताई

सासूबाईंना चूक दाखवायला जाऊ नका, आणि मुलांसमोर तर मुळीच बोलू नका. त्यांना काम सांगा: "आई, भांडण झालं की तुम्ही छोटीला घ्याल का? तुमच्याकडे ती लवकर शांत होते, मी याच्याकडे बघते." फुंकर घालणं, खोबरेल तेलाचं बोट लावणं हे आज्यांना आपल्यापेक्षा छान जमतं. त्या ते करत असताना मुलगा बघतच असेल. कान धरायला लावायला त्यांचा हात मोकळाच राहणार नाही.

"काही नाही" म्हणाला तर वाद घालू नका. "बरं, मग मी करते" म्हणून त्याच्या देखत तुम्ही करा. रुमाल भिजवा, तिच्या डोक्यावर ठेवा, तिच्याशी बोला. बहुतेक मुलं थोड्या वेळाने जवळ येतात. आलाच तर रुमालाचं एक टोक त्याच्या हातात द्या. नाही आला तर रात्री झोपताना, दिवा मालवल्यावर, एकदा विषय काढा: "आज तिला लागलं तेव्हा तू काही केलं नाहीस. उद्या सकाळी तिच्यासाठी काय करशील?" तेव्हा तो तापलेला नसतो, मुलं अशा वेळी खरं बोलतात. सकाळी मात्र त्याला आठवण करा, विसरू देऊ नका.

आणि तिलाही आता बोलायला शिकवा. "नको" म्हणून हात पुढे करायला ती या वयात शिकते. दादा जवळ आला की रडायचंच, एवढं एकच तिच्याजवळ राहायला नको.