उपास, कॅन्सर आणि बी विंगचा डबा

स्मिता (बी-३०४): कुलकर्णी काका, सकाळचा तो 'उपासाने शरीर कॅन्सर खाऊन टाकतं' फॉरवर्ड प्लीज काढा. आईने वाचला आणि तेव्हापासून चहासुद्धा घेतला नाहीये. उद्या इंजेक्शन आहे तिचं.

कुलकर्णी काका (ए-१०२): ताई, चांगल्या हेतूनेच टाकला होता. त्यातल्या ऑटोफॅजीसाठी जपानी शास्त्रज्ञाला २०१६ साली नोबेल मिळालं, हे खोटं आहे का?

सावंत (बी-२०१): बी विंगचा ओल्या कचऱ्याचा डबा दोन दिवस उचललेला नाही. सेक्रेटरींनी लक्ष द्यावे.

अनिकेत (ए-४०३): नोबेल खरं आहे, काका. ओसुमींनी यीस्टवर काम केलं होतं. ऑटोफॅजी म्हणजे पेशी, विशेषतः उपाशी असताना, आपलेच मोडके भाग लायसोसोम नावाच्या पचनपिशवीत विरघळवते आणि तो माल परत वापरते. निरोगी पेशीत याने कॅन्सरला आळा बसतो. पण गाठ झाली की उलटं. आत रक्त नीट पोचत नाही, तिथली उपाशी कॅन्सरपेशी याच युक्तीवर तग धरते. म्हणून तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने ऑटोफॅजी अडवायच्या चाचण्या झाल्या.

कुलकर्णी काका: म्हणजे आमच्या आजीने जन्मभर एकादश्या केल्या त्या चुकल्या?

शिंदे वहिनी (ए-१०४): काका, तुमची एकादशी दुप्पट खाशी 😂 खिचडीचा वास जिन्यापर्यंत आलाय.

सावंत: बी विंगचा ओल्या कचऱ्याचा डबा दोन दिवस उचललेला नाही. वरचा मेसेज कुणी वाचला का?

स्मिता: आईला मायलोमा आहे, एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. त्या कॅन्सरपेशी रात्रंदिवस प्रथिनं बनवतात. बिघडलेली प्रथिनं मोडायला पेशीत प्रोटिऑसोम असतो. आईचं इंजेक्शन, बोर्टेझोमिब, तोच बंद पाडतं. मग आत एवढं साचतं की पेशी मरते. सोबत डेक्साच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या असतात, त्या रिकाम्या पोटी कशा देऊ?

शिंदे वहिनी: म्हणजे कॅन्सरची घंटागाडीच बंद?

स्मिता: अगदी तसंच.

सावंत: घंटागाडीचा विषय निघालाच आहे तर...

कुलकर्णी काका: स्मिताताई, एवढा अभ्यास मेंटेनन्सच्या मीटिंगला दिसत नाही कधी.

स्मिता: पार्किंगचा राग इथे नको काका.

अनिकेत: 🙏🙏

कुलकर्णी काका: मेसेज आता माझ्याकडून डिलीट होत नाहीये. ॲडमिननी काढावा. आणि ही म्हणतेय, आईंसाठी खिचडी पाठवते.

स्मिता: मिळाली. 'उपासाचीच आहे ना, मग चालेल' म्हणाली. अर्धी वाटी खाल्ली.

सावंत: बी विंगचा ओल्या कचऱ्याचा डबा. आता फोटोसकट.