आठवड्याला चार दिवस काम: सह्या कराव्यात की नाही?

शिरोलीकर
आमची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतीव भाग बनवायचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. ट्रॅक्टरच्या कास्टिंगच्या ऑर्डरी कमी होत गेल्या आणि आता रात्रपाळीला भट्टी पेटतच नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या विभागात, पूर्वी ग्राइंडर खाली ठेवायला सवड नसायची. आता दहाच्या चहापर्यंत माल संपतो आणि पोरं रिकाम्या ट्रॉलीवर बसून राहतात.

मॅनेजमेंटने दोन पर्याय ठेवलेत. सगळ्यांनी आठवड्याला चार दिवस यायचं आणि पगार तेवढ्याच दिवसांचा घ्यायचा, नाहीतर चाळीस माणसं कमी होणार. 'शेवटी आला तो आधी जाणार' या नियमाने नवी पोरं जातील, माझी नोकरी जुनी असल्यानं मी राहीन. तरी माझं मत चार दिवसांच्या बाजूनं आहे. ज्यांना आपण काम शिकवलं त्यांना गेटबाहेर काढून आपण सहा दिवस भरायचे, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मशीनशॉप_गोकुळशिरगाव
दादा, भावना पटते, पण विरोध आहे. पगार चार दिवसांचा झाला म्हणून बँक हप्ता कमी करणार नाही. आज चार दिवस कबूल केले की दोन महिन्यांनी तीन होतील. हातात कसब असलेली माणसं तोवर कागलला पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जागा बघून निघून जातील. मागे राहतील त्यांना ना धड पगार, ना भरपाई. त्यापेक्षा कपात कायद्याने होऊ दे. महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. जाणारा निदान काहीतरी घेऊन जातो.

नवा_मोल्डर
तो 'जाणारा' म्हणजे मीच. दोन वर्षं झाली. तुमच्या हिशोबाने भरपाई महिन्याभराच्या पगाराएवढी. ती घेऊन चाकणला गेलो तर खोलीचं डिपॉझिट आणि मेसमध्ये संपेल, आणि तिथंही काम कंत्राटीच. मला चार दिवस चालतील. उरलेल्या दिवसांत गावाकडं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवीन. माझ्या वतीनं 'कायद्याने होऊ दे' म्हणू नका भाऊ.

पगारपत्रक
मी दुसऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या कामाला आहे. चार दिवस की सहा, यापेक्षा सही कशावर घेतायत ते आधी वाचा.

चार दिवसांनी वर्षाचे ५२ आठवडे भरले तरी हजेरी २०८ होते. नुकसानभरपाईसाठी सलग सेवा मोजताना २४० दिवस बघतात. उरलेले दोन दिवस तुमच्या अर्जावरची 'विनापगारी रजा' म्हणून लागले, तर उद्या 'दिवस भरले नाहीत' म्हणायला वाव राहतो. तेच दिवस रीतसर 'ले-ऑफ' म्हणून, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले दिवस म्हणून, नोंदवले तर ते सेवेत धरतात. शिवाय पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर नोकरी झालेल्या कायम कामगाराला त्या दिवसांचे निम्मे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळतो.

दुसरं, दिवस कमी करणं वेगळं आणि पगाराचा दर कमी करणं वेगळं. ग्रॅच्युइटी शेवटच्या दरावर निघते. दर उतरवायला सही दिलीत तर मागची सगळी वर्षं स्वस्त झाली. आणि 'स्वखुशीने राजीनामा' असा कागद पुढे आला तर पेन खाली ठेवा. राजीनामा ही कपात धरत नाहीत, त्यावर भरपाई मागता येत नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क
मालकाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे, अशाच फौंड्र्यांच्या कामावर चालतं. भट्टी बंद ठेवली तरी विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भाराचा ठरलेला आकार, भरावा लागतो. स्क्रॅपवाला रोख मागतो आणि मोठी कंपनी बिल थकवते. त्यात घरी बसलेल्याला निम्मा पगार कुठून आणायचा? चाळीस माणसांची भरपाई एकदा देऊन उरलेल्यांना पूर्ण काम देणं काही ठिकाणी खरंच परवडतं. शाहू मिल १९०६ ची, शाहू महाराजांनी उभी केलेली, तीही बंद पडलीच ना. कारखानाच राहिला नाही तर काय वाटून घेणार?

शिरोलीकर
मालकाची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण अडचण असेल तर ऑर्डर बुक दाखवा, थकलेली बिलं दाखवा. आजवर फक्त 'परिस्थिती कठीण आहे' एवढंच ऐकलंय.

'पगारपत्रक' साहेब, आमच्याकडच्या कागदावर 'कामगारांच्या विनंतीवरून' असंच छापलंय. विनंती कुणी केलेली नाही. ते शब्द काढून ले-ऑफ लिहा, मुदत तीन महिने घाला, नंतर परत बसून बोलू, असं पत्र आम्ही देतोय. तसं मान्य झालं तर मी सही करणार, नाहीतर नाही.

मशीनशॉप_गोकुळशिरगाव
मुदत घातलीत तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा कायम आहे. तीन महिन्यांनी ऑर्डरी आल्या नाहीत तर कपात होणारच, आणि तोवर त्या पोरांचा इकडंतिकडं नोकरी बघायचा वेळ गेलेला असेल. निदान त्यांना हे आज तोंडावर सांगा. पत्रात एक ओळ आणखी घाला: पुढं भरती झाली तर काढलेल्यांना आधी बोलवायचं. कायद्यात ती तरतूद आहेच, पण गेटवरच्या नव्या माणसाला ती माहीत नसते.

नवा_मोल्डर
मी बघतोच आहे नोकरी. पण सोमवारी कामावर हजर राहणार. पत्रावर माझी सही घ्या.