माहितीपर उताऱ्यातला मुख्य मुद्दा मुलांना कसा शिकवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात, डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मुलं घरी कोंकणी बोलतात, तरी मराठी वाचतात छान. गोष्ट असली की कोण, कुठे, पुढे काय झालं हे धडाधड सांगतात. गाडी अडते ती माहितीपर उताऱ्यापाशी.

परवाचा उतारा देते. मीच लिहिला होता:

"मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. एक मादी साधारण 100 अंडी वाळूत पुरते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या रोखाने समुद्राकडे निघतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे ती भलतीकडेच जातात. कुत्रीही घरटी उकरतात. म्हणून वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतं."

विचारलं, उतारा काय सांगतो? एकाने म्हटलं, "कासव." अर्ध्या वर्गाचं उत्तर, "टीचर, कासव 100 अंडी घालतं!" एका मुलीने पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. पिल्लांना धोका आहे म्हणून राखण लागते, हे कुणीच लिहिलं नाही.

100 अंड्यांचं नवल मला मारायचं नाही. त्या नवलापायीच मुलं वाचतात. पण पुढच्या वर्गांत इतिहास-विज्ञान सगळं अशाच उताऱ्यांतून यायचं आहे, आणि मुद्दा हाती लागला नाही की पोरं पाठांतराकडे वळतात, हे मी दरवर्षी बघते. "महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ मारा" म्हटलं तर पानभर रेघा! गाईडमधली तयार उत्तरं नकोत. वर्गात काय करता ते सांगा.

प्रतिसाद (फोंडा)

टीचर, तुमच्या वर्गातली तिन्ही उत्तरं तीन वेगळ्या अडचणी सांगतात, तेव्हा एकच उपाय सगळ्यांना लावू नका.

"कासव" म्हणणारा विषयापर्यंत पोचलाय. त्याला एवढंच विचारायचं, "कासवाबद्दल काय सांगितलंय?" पहिलं वाक्य उतरवणारी मुलगीही उगाच तसं करत नाही. पाठ्यपुस्तकात पुष्कळदा मुद्दा पहिल्याच वाक्यात असतो. तिला मुद्दा शेवटी येणारे उतारे द्या. अंडीवाल्यांसाठी वाक्य झाकून बघायचं. अंड्यांचं वाक्य बोटाने झाका, उतारा तसाच पुढे चालतो. दिव्यांचं आणि कुत्र्यांचं झाका, की कुंपण कशाला घातलं तेच कळत नाही. हे मुलांच्या हातांनी करून घ्या, तुम्ही सांगू नका.

दुसरं, उलट दिशेने जा. आधी तपशील द्यायचे, मुद्दा मुलांनी बांधायचा. मी खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती) कागदाच्या पट्ट्या करते:

मातीच्या बांधामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही.
बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार कमी करते.
मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात.
कोरगुट भात खारटपणा सोसतं.
मानशीपाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो.

मग म्हणायचं, "जास्तीत जास्त पट्ट्या पोटात घेईल असं एक वाक्य करा." बहुतेक गट लिहितात, "खाजनात खारं पाणी अडवतात." पहिल्या तीन पट्ट्या बसतात. कोरगुटावरून भांडण ठरलेलं! भात काही पाणी अडवत नाही. मग कुणीतरी वाक्यच मोठं करतं: "खाऱ्या पाण्याशेजारी भात पिकवायला लोकांनी युक्त्या केल्या." आता कोरगुटही आत येतो आणि लिलाव बाहेर राहतो. लिलावाची माहिती खरी आहे, मजेदार आहे, तरी या वाक्याची नाही. तुमच्या 100 अंड्यांचंही तेच, आणि हे मुलांना माशांच्या लिलावावरून लवकर पटतं.

प्रतिसाद (पेडणे)

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो: लिहायच्या आधी बोलू द्या, आणि तेही कोंकणीत. "घरी गेल्यावर आईला एका वाक्यात काय सांगशील?" असं विचारलं की मुलं आपोआप गाळायला लागतात. सगळा उतारा काही आईला सांगत बसत नाहीत. मराठीत नंतर लिहून घ्या.

मुद्दा कुठेच लिहिलेला नसलेले उतारेही थोडे पुढे द्या. मासेमारी बंदी घ्या: 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर जेटीवर बांधलेले असतात, पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात, छोटी मासळीच उपसली तर पुढे मोठी मिळणार कुठून. एवढंच लिहायचं, बंदी कशासाठी ते लिहायचं नाही. कोळ्यांची मुलं वर्गात असली तर त्यांना आधी बोलू द्या.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाक्य झाकणं आणि पट्ट्या याच आठवड्यात सुरू करते. एक अडचण उरतेच: परीक्षेत गुण कसे द्यायचे? सध्या विचार असा आहे की शीर्षक मागायचंच नाही, कारण "कासव" हेही शीर्षक म्हणून चालून जातं. पूर्ण वाक्यात मुद्दा लिहायचा आणि त्याला आधार देणारी दोन वाक्यं उताऱ्यातून शोधायची. मुद्दा थोडा हुकला, पण निवडलेली वाक्यं त्याला धरून असली, तर अर्धे गुण द्यावेत असं मला वाटतं. तुम्ही काय करता?

आणि कुळागरावर (सुपारी-नारळाच्या बागेवर) किंवा काजूच्या हंगामावर चौथीला झेपेल असा आठ-दहा वाक्यांचा उतारा कुणी लिहिला असेल, तर कृपया इथेच टाका.