घरच्या घरी संथ योगासने कशी करावीत?

प्रश्न (कोपरखैरणे): संध्याकाळी लोकलने घरी परतल्यावर मान आखडलेली असते आणि झोपही लवकर लागत नाही, सतरंजीपुरतीच जागा असताना कोणती सौम्य आसने करावीत?

उत्तर १: मार्जारासनापासून (हात-गुडघ्यांवर मांजरासारखे ओणवे होऊन करायचे आसन) आरंभ करावा, पाठ वर उचलताना श्वास सोडावा. त्यानंतर उताणे झोपून पाय भिंतीला टेकवून वर ठेवावेत आणि श्वास घेण्यास चार अंक लागत असतील तर सोडण्यास सहा लावावेत, कारण दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते.

उत्तर २: काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास पाय वर ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. पोटभर जेवणानंतर लगेच आसने करू नयेत.

उत्तर ३: व्हिडिओ पाहून घरीच शिकायचे म्हटले, तर त्याकडे मान वळवून शवासन (निश्चल उताणे पडून राहणे) कसले साधणार! ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्था योग शिकवतात; पहिले धडे तरी शिक्षकांसमोर गिरवावेत.