सुऱ्या-कोयत्यांसाठी डिस्क सँडर: तयार घ्यावा की लेथवाल्याकडून करून घ्यावा?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षांपासून सुऱ्या आणि कोयते बनवतोय. माल म्हणजे भंगारातले ट्रकचे पाटे, मुठीला बाभूळ नाहीतर शिसव. बेल्ट ग्राइंडरवर धारेचा उतार झकास निघतो. अडतंय ते सपाटीवर, म्हणून डिस्क सँडर हवाय, म्हणजे फिरत्या सपाट तबकडीवर एमरी पेपर लावून घासायचं मशीन.

मुठीत जाणाऱ्या भागाला मार्कर फासतो आणि काचेवर चिकटवलेल्या एमरी पेपरवर घासून बघतो. मधली शाई जाते, कडेची तशीच राहते. म्हणजे बेल्टने कडा खाल्ल्या. लाकूड लावून उजेडाकडे धरलं की केसाएवढी फट दिसते. एपॉक्सी भरून भागवत होतो, पण मागच्या हंगामात एक कोयता परत आला. फटीत पाणी जाऊन आत गंज चढलेला, मूठ डगडगत होती. तोडीवर निघालेला गडी, उचल घेऊन बसलेला, त्याला काय सांगणार?

बेल्ट आणि सहा इंची डिस्क एकत्र असलेलं एक तयार मशीन ऑनलाइन घेऊन बघितलं. टेबल दाबलं की वाकतं आणि तबकडी फिरताना डगमगते ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. विकणारा म्हणतो, "एवढं चालतंच."

आता स्वतःच करायचं ठरवतोय: १ एचपी, १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर, १९ मिमी शाफ्ट, त्यावर ॲल्युमिनियमची तबकडी. घरी सिंगल फेजच आहे, म्हणून व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा आणि हर्ट्झ बदलून तिचा वेग कमी-जास्त करणारा डबा). तबकडी ९ इंची घ्यावी की १२? हिशोब केला तर ९ इंचीच्या कडेला मिनिटाला १०३४ मीटर वेग येतो, १२ इंचीला १३७९. पाणी दिलेलं, म्हणजे कडक केलेलं पातं एवढ्या वेगात तापून निळं आणि मऊ पडेल अशी भीती वाटते. शिवाय पेपर वेल्क्रोचा की चिकटवायचा?

प्रतिसाद:
दादा, ९ इंचीच करा. साधा एमरी पेपर ९ बाय ११ इंचाचा येतो, त्यातून गोल कापता येतो. १२ इंचीचे पेपर मागवत बसावे लागतील. वेल्क्रो नकोच, त्याच्या मऊपणाने कडा पुन्हा गोल होतात आणि सगळी मेहनत पाण्यात. स्प्रे गोंदाने चिकटवा, काढताना हेअर ड्रायरने गरम करा.

मोटर घेताना वायरींची सहा टोकं बाहेर काढलेली आणि नेमप्लेटवर २३०/४१५ लिहिलेलीच घ्या. तुमचा व्हीएफडी २३० व्होल्टच देणार, म्हणून जोडणी डेल्टात, म्हणजे त्रिकोणात. पाणी दिलेल्या पात्याला २० हर्ट्झवर चालवा, म्हणजे पावणेसहाशे आरपीएमच्या आसपास. पण तासभर नको, त्या वेगात मोटरचा पंखा वारा देत नाही.

तबकडीचं भोक आणि तोंड लेथवर एकाच पकडीत काढायला सांगा. घासायची वस्तू तबकडीच्या खाली जाणाऱ्या बाजूलाच धरा, वर येणारी बाजू वस्तू उडवते. अगदी मधोमध वेग शून्य असतो, तिथे काही घासलं जात नाही. आणि लोखंड घासण्याआधी लाकडाचा भुसा झाडून घ्या, ठिणगीने पेटतो.

धागाकर्ता:
लई आभार राव. सहा टोकांचं डोक्यातच नव्हतं. गुरुवारी लातूरला जुन्या मोटारी बघायला जातोय. टेबलासाठी १० मिमी प्लेट पुरेल का, तेवढं सांगा.