क्लोराइड एकाच पेशंटचं जास्त येतंय, इलेक्ट्रोड बदलू का?

अमळनेर_लॅब:
रामराम मंडळी. आमच्याकडे सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचं छोटं मशीन आहे. एका बाईंचं क्लोराइड ११६ आलं, रिपीट लावलं तरी तेवढंच, सोडियम मात्र १३८ आणि बायकार्बोनेट २५, म्हणजे ॲनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरतो तो आकडा) चक्क उणे ३! सकाळचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) बरोबर होते, बाकीच्या पेशंटचे आकडेही नीट. इंजिनिअर फोनवर म्हणे मेम्ब्रेन (इलेक्ट्रोडचा आयन ओळखणारा पातळ पडदा) गेली, इलेक्ट्रोड बदला. स्वस्त नाही ना भो तो, आणि डॉक्टर रिपोर्टसाठी थांबलेत. काय करू?

धुळे_टेक्निशियन:
थांब भो, लगेच ऑर्डर टाकू नको. आधी विचार, सलाईन चालू असलेल्या हातातून तर रक्त घेतलं नाही ना. पण सलाईनमध्ये सोडियम नि क्लोराइड दोन्ही १५४ असतात, ते मिसळलं असतं तर सोडियमही वर सरकलं असतं नि पोटॅशियम खाली आलं असतं. खरंच क्लोराइड वाढलेलं असतं तर बहुतेक वेळा बायकार्बोनेट पडलेलं दिसतं, इथे तेही नाही. मेम्ब्रेन जुनी झाली की स्लोप, म्हणजे इलेक्ट्रोडचा प्रतिसाद, घसरतो, कंट्रोल हलतात, सगळ्यांचेच आकडे बिघडतात, एकाच पेशंटपुरती ती खराब होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री जातं तेव्हा एसी बंद पडला की माझ्याकडे ड्रिफ्ट येतो, म्हणजे आकडे हळूहळू सरकतात, पण तोही कंट्रोलमध्ये दिसतोच.

जळगाव_केमिस्ट्री:
धुळेवाले दादा बरोबर सांगताहेत. या मशीनमधली क्लोराइडची मेम्ब्रेन बहुतेक पीव्हीसीची असते, त्यात प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारं तेलकट द्रव्य) आणि क्वाटर्नरी अमोनियमचं मीठ (ऋण आयन पकडणारं) मिसळलेलं. ते मीठ फक्त क्लोराइडला ओळखतं असं अजिबात नाही, पाण्यातून निघून तेलकट थरात शिरायला जो ऋण आयन जास्त राजी तो आधी शिरतो. ब्रोमाइड, आयोडाइड, थायोसायनेट, सॅलिसिलेट हे सगळे क्लोराइडपेक्षा पुढे. म्हणून थोडंसं ब्रोमाइडही मशीनला बरंच क्लोराइड वाटतं. ३७ डिग्रीला आयनच्या प्रमाणातल्या दहापट फरकाला साधारण ६१.५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १ मिलिव्होल्ट हलला की आकडा ४ टक्क्यांनी बदलतो, १०४ चे ११६ व्हायला तीनेक मिलिव्होल्ट पुरतात! त्या बाईंना औषधं कुठली चालू आहेत ते विचारा, ॲस्पिरिनचा मोठा डोस किंवा ब्रोमाइड असलेलं काही.

अमळनेर_लॅब:
मुलाला बोलवलं, त्याने गोळ्यांची स्ट्रिप आणली, पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइड! स्नायूंच्या अशक्तपणासाठी, मायस्थेनियाच्या, बऱ्याच दिवसांपासून चालू आहेत म्हणे. कंट्रोलमध्ये ब्रोमाइड नसतं म्हणून ते बरोबर येत होते तर.

जळगाव_केमिस्ट्री:
हेच असणार. तरी खात्री करा, तेच सिरम वेगळ्या मेम्ब्रेनच्या मशीनवर लावून घ्या, दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर क्लोराइड खोटं वाढलंय हे जवळपास पक्कं. चांदीच्या क्लोराइडच्या मेम्ब्रेनवर विसंबू नका, तिलाही ब्रोमाइड त्रास देतं. तोवर ११६ हा आकडा नुसताच पाठवू नका हो, डॉक्टर त्यावर उपचार बदलतील.

अमळनेर_लॅब:
डॉक्टरांना फोन केला, औषधाचं नाव सांगितलं. रिपोर्टवर शेरा टाकतोय: "ब्रोमाइडयुक्त औषध चालू, क्लोराइड खोटं जास्त असण्याची शक्यता." सॅम्पल संध्याकाळच्या गाडीने जळगावला जातंय, इलेक्ट्रोड आहे तोच ठेवतोय.