कोरियातले २२,६०४ कैदी आणि भारताचा तटस्थ आयोग: याला यश म्हणायचं का?

रानवाटा

युद्ध टाळण्याच्या प्रयत्नांवर बोलणं निघालं की राष्ट्रसंघाचं अपयश, मग सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आणि शेवटी "हे सगळं कागदोपत्री" असा निकाल, या वळणानेच आपण जातो. म्हणून १९५३ च्या कोरियाचं उदाहरण मांडतो. तटस्थ राष्ट्रांच्या युद्धकैदी आयोगाइतकं नेमकं काम या क्षेत्रात फार थोडं झालं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी पेच काय होता ते. युद्धात एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं संयुक्त राष्ट्रांचं सैन्य. शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली. ताबारेषा आणि देखरेखीचे बहुतेक मुद्दे पुढच्या वसंतापर्यंत मार्गी लागले. अडलं ते कैद्यांवर. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवा. चीन आणि उत्तर कोरिया यावर अडून बसले. अमेरिकेचं म्हणणं, ज्याला जायचं नाही त्याला बळजबरीने धाडणार नाही. एप्रिल १९५२ मध्ये छाननी झाली आणि परत जायला सुमारे ७०,००० जणच तयार आहेत असं अमेरिकी बाजूने कळवलं. तिथे बोलणी गोठली. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ आघाडीवर माणसं मरत राहिली.

तोड भारताने सुचवली: न जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंच्या हातातून काढून तिसऱ्याच्या ताब्यात द्या. कृष्ण मेनन यांनी मांडलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ३ डिसेंबर १९५२ ला ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पुढे शस्त्रसंधीत जे यंत्र उभं राहिलं त्याचा गाभा हाच होता. आयोगात भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. ताबा फक्त भारतीय फौजेकडे, आणि तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

काळाकातळ

मांडणी चांगली आहे, पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. तो ठराव मंजूर झाला तेव्हा सोव्हिएत गटाने विरोधात मत दिलं आणि चीननेही तो नाकारला. गाडी हलली ती ५ मार्च १९५३ ला स्टालिन वारल्यावर. मॉस्कोची इच्छा बदलली, म्हणून बीजिंगची बदलली. भारताचा ठराव तयार होता एवढंच.

आणि आयोगाने प्रत्यक्षात केलं काय? करारात समजावणीसाठी ९० दिवस होते. म्हणजे प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी भेटून परत येण्याबद्दल सांगायचं. त्या ९० पैकी समजावणी झाली जेमतेम १० दिवस. बहुसंख्य कैदी तंबूपर्यंत आलेच नाहीत. ज्या कामासाठी आयोग नेमला तेच झालं नाही, तर यश कशाला म्हणायचं?

रानवाटा

स्टालिनचा मुद्दा मान्य. इच्छा नसताना कुठलाही ठराव चालत नाही. पण "आता मिटवू या" असं दोन्ही बाजूंना वाटलं, तरी माघार न दिसता मिटवायचं कसं, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेला "आम्ही कोणाला ढकललं नाही" असं सांगता यायला हवं होतं आणि चीनला "आम्ही हक्क सोडला नाही" असं. दोघांना तोंड राखता येईल अशी जागा आयत्या वेळी सापडत नाही, ती आधी कोणीतरी बांधून ठेवावी लागते. "ठराव तयार होता एवढंच" असं म्हणता, पण तेच तर मोलाचं.

सागरवेळ

समजावणी का फसली हे तपशिलात पाहिल्याशिवाय दोघांचंही पूर्ण पटणार नाही.

पहिली अडचण जागेची. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या मातीवर पाऊल ठेवू देईनात. त्याआधी १८ जूनला त्यांनी सुमारे २७,००० उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून करारालाच सुरुंग लावला होता. त्यामुळे सुमारे ६,००० भारतीय सैनिक इंचॉनला उतरवून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तिथे त्यांनी 'हिंद नगर' वसवलं.

दुसरी अडचण कुंपणांच्या आत होती, आणि खरी तीच. कैदी आले ते गट बांधूनच. प्रत्येक आवारात म्होरके होते. त्यांचे धागे तैवान (तिथे चीनचं साम्यवादविरोधी सरकार होतं) आणि दक्षिण कोरियाकडे जात होते, आणि परत जायचं म्हणणाऱ्याला मारहाण व्हायची, खूनही झाले. कैदी ताब्यात आले ते संघटना न मोडता. पहिल्याच दिवसापासून प्रत्येकाला वेगळं ठेवलं असतं तर चित्र बदललं असतं. पण त्यासाठी बळ वापरावं लागलं असतं, आणि परत पाठवण्यासाठी किंवा रोखण्यासाठी बळ वापरायचं नाही हे करारातच होतं.

तिसरी, वेळ. समजावणीचे तंबू वेळेत उभे राहिले नाहीत, सुरुवात झाली ती १५ ऑक्टोबरला. तंबूला बाहेर पडायच्या दोन वाटा: एकीने गेलं की मायदेश, दुसरीने गेलं की पुन्हा कुंपणात. एकेका माणसावर चिनी अधिकारी तासन्‌तास घालवायचे. असं एका दिवसात किती जण होणार?

पोलंड-चेकोस्लोव्हाकिया म्हणत, बळ वापरून कैद्यांना तंबूत आणा. स्वीडन-स्वित्झर्लंड म्हणत, हात लावायचा नाही. पाचवं मत भारताचं. त्याने बळ वापरायला नकार दिला. मात्र डिसेंबरच्या अंतरिम अहवालात आवारांतल्या दडपशाहीवर बोट ठेवताना भारत पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाबरोबर उभा राहिला आणि स्वीडन-स्वित्झर्लंडने वेगळा अहवाल दिला. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. तटस्थपणा म्हणजे मध्यावर बसणं नाही, प्रश्नागणिक तपासून मत देणं, हे इथे स्पष्ट दिसतं.

काळाकातळ

तुमच्याच तपशिलावरून माझा मुद्दा पक्का होतो. म्होरक्यांच्या धाकाखाली घेतलेल्या निर्णयाला "कैद्याची स्वतंत्र इच्छा" म्हणता येत नाही. अंतिम आकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातून आयोगाकडे आलेले चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी २२,६०४. मायदेशी गेले ६२८, बेपत्ता १३, ताब्यात असताना मेले ३८, भारतात आले ८६. उरलेले २१,८३९ पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात. त्यांतले बहुतेक न समजावता, न विचारता. खुनांचे खटले सुरू झाले तेही पुरे झाले नाहीत. माणसाच्या हक्कासाठी उभी केलेली यंत्रणा माणसापर्यंत पोचलीच नाही, हे मला मनापासून खटकतं.

शिरीषफूल

या चर्चेत चळवळींचाही विचार व्हावा. मार्च १९५० च्या स्टॉकहोम आवाहनावर अणुबाँबविरुद्ध जगभरातून कोट्यवधी सह्या झाल्या. २५ जूनला कोरियात युद्ध पेटलं. सह्यांनी जनमत घडलं असेल, पण अडलेल्या एका कलमाची तोड सह्यांतून निघत नाही. त्यासाठी करार वाचणारा माणूस लागतो. आपल्याकडे शांततेवरच्या लेखनात हाच भाग सर्वांत कमी येतो.

रानवाटा

काळाकातळ, ६२८ हा आकडा मला लहान वाटत नाही. हे आधीच्या छाननीत "परत जायचं नाही" म्हणून गणलेले लोक होते. त्यातले कित्येक रात्री कुंपण ओलांडून भारतीय पहारेकऱ्यांकडे आले. तिसऱ्याचा पहारा नसता तर त्यांना पळून जायला जागाच नव्हती. उलट बाजूच्या, म्हणजे चीन-उत्तर कोरियाच्या ताब्यातल्या आणि मायदेशी जायला नकार दिलेल्या ३५९ जणांतही १० जणांनी मन बदललं, त्यांत २ अमेरिकी.

आणि बळ न वापरणं म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आवारात ओढून धरलं तेव्हा थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, बोलले आणि त्यांना सोडवून आणलं. याबद्दल त्यांना अशोक चक्र, दुसरा वर्ग मिळालं. त्या जागी गोळीबार झाला असता तर आधी तो मेजर गेला असता, मग शेकडो कैदी, आणि त्या आठवड्यात शस्त्रसंधीचं काय झालं असतं? ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसऱ्या आवारांत गोळीबार करावा लागला, कैदी मेले, आणि आयोग तेव्हा किती हादरला हेही नोंदलेलं आहे.

काळाकातळ

थोरातांच्या धैर्याबद्दल वादच नाही. मी यंत्रणेबद्दल बोलतोय. कैद्यांचं पुढे काय करायचं हे ठरवणारी राजकीय परिषद भरायची होती, ती भरलीच नाही. तेव्हा भारताने २० जानेवारी १९५४ पासून कैदी पूर्वीच्या ताबेदारांकडे परत दिले आणि "मुक्त नागरिक" ठरवायचा अधिकार आपल्याला नाही म्हणून हात काढून घेतले. दोन्ही बाजू नाराज.

सागरवेळ

तिथे थिमय्यांची बाजू कायद्याने बरोबर होती. परिषदेशिवाय मुक्त करण्याचा अधिकार आयोगाला नव्हता, आणि १२० दिवसांनंतर कोंडून ठेवण्याचाही नाही. उणीव करारातच होती. "परिषद भरली नाही तर काय" हे कलम कोणी लिहिलंच नव्हतं.

दुसरी उणीव, म्हणजे गटाच्या धाकाखाली विचारण्याची, दुरुस्त व्हायला बरीच वर्षं लागली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर रेडक्रॉसने इराकी कैद्यांना गटात नाही, एकेकट्याला, खाजगीत विचारलं. कोरियातल्या पानमुनजोमच्या त्या तंबूंत हेच राहून गेलं होतं.

रानवाटा

हे मान्य. पण त्या तंबूंत काय चुकलं हे कळल्याशिवाय पुढच्यांना एकेकट्याला विचारायचं सुचलं असतं का, असं मला वाटत राहतं.

ज्यांना ना चीन हवा होता, ना तैवान, ना दोन्हींपैकी कुठला कोरिया, असे ८८ जण (८६ आणि पलीकडचे २) भारतीय फौजेबरोबर जहाजाने इकडे आले. काही वर्षांनी त्यांतले बहुतेक ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. मूळ वादात या पर्यायाचा विचार कोणत्याही बाजूने केला नव्हता.